मुदतपूर्व सुटका : फी शून्य, हिशेब मात्र आपला आपण ठेवायचा

जन्मठेपेच्या बंद्याचे नातेवाईक मुलाखतीच्या रांगेत उभे असतात, तेव्हा हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "चौदा वर्षं झाली की सोडतात." पलीकडचा कुणी म्हणतो, "वीस लागतात." दोन्ही आकडे कायद्यात आहेत आणि दोन्ही चुकीच्या जागी वापरले जातात. मुदतपूर्व सुटका या सरकारी सेवेबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल, कारण निम्मी निराशा चुकीच्या अपेक्षेतूनच येते.

वीस वर्षांचा आकडा जुन्या दंडसंहितेच्या कलम ५७ मधला. शिक्षेचा एखादा अपूर्णांक काढायचा असेल, म्हणजे जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा किती वगैरे, तेवढ्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरायची, इतकंच ते कलम सांगतं. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेंनी याच आकड्यावर बोट ठेवून सुटका मागितली होती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि सांगितलं की जन्मठेप म्हणजे हयातभर. माफी, म्हणजे चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत मिळणारी सूट, धरून वीस भरली म्हणून कुणी आपोआप सुटत नाही. चौदाचा आकडा १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम ४३३-अ मधला, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मधला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, म्हणजे मुख्यतः खून, त्यात जन्मठेप झाली असेल किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. थोडक्यात, चौदाव्या वर्षी खिडकी उघडते. माल कधी मिळेल, हे त्या दिवशी ठरत नाही.

रांगेत उभं राहण्याआधी निकालपत्राचं शेवटचं पान काढा. तिथे नुसतं "जन्मठेप" लिहिलंय, की "उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर", की "२५ वर्षं, माफीशिवाय"? तिन्ही गोष्टी वेगळ्या. फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधली ही ठरावीक वर्षांची शिक्षा २००८ च्या श्रद्धानंद निकालातून आली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. अशी शिक्षा असेल तर तेवढी वर्षं भरेपर्यंत गृह विभागाच्या दारात जाऊन काही उपयोग नाही. तिथे राज्यपालांचा अधिकार तेवढा उरतो. अपिलात शिक्षा बदलली असेल तर वरच्या न्यायालयाचं शेवटचं पान लागेल, सत्र न्यायालयाचं नव्हे. बऱ्याच घरांत अपिलाच्या निकालाची प्रतच नसते.

आता हिशेब. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि घरच्यांना खरंच काही करता येईल अशी जागाही हीच. दोन खाती वेगळी ठेवायची: एक प्रत्यक्ष कैदेचं, दुसरं माफीचं.

प्रत्यक्ष कैदेत अटकेच्या दिवसापासून खटला चालू असतानाचा काळ धरला जातो. जन्मठेपेला ही वजावट मिळत नाही, असं पूर्वी मानलं जाई. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिळते असं सांगितलं. जामिनावर बाहेर काढलेले दिवस अर्थातच वजा. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, तिचे दिवसही वजा. हे अनेकांना पटत नाही, पण २०२३ च्या जानेवारीत गोव्यातल्या बंद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ धरायचा नाही. कोरोनातली तातडीची रजासुद्धा शिक्षेत मोजायची नाही, असं त्याच वर्षी सांगितलं गेलं. संचित रजा, म्हणजे फर्लो, तिचं वेगळं आहे. १९५९ च्या नियमांप्रमाणे बाहेर वर्तन नीट असेल तर ते दिवस माफी म्हणून धरले जातात. पण माफी म्हणून, हे लक्षात ठेवा. ते दुसऱ्या खात्यात जातात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अटक १ जानेवारी २००९. अपिलाच्या काळात एक वर्ष जामीन. सगळे पॅरोल मिळून १२० दिवस. नातेवाईक बोटांवर मोजतात आणि २०२२ संपलं की वकिलाला फोन करतात. प्रत्यक्षात ३१ डिसेंबर २०२२ मध्ये एक वर्ष मिळवा, वर १२० दिवस. चौदा वर्षं भरतात २९ एप्रिल २०२४ ला. म्हणजे सोळा महिने आधीचा अर्ज हा अकाली अर्ज. तो "मुदत पूर्ण नाही" या शेऱ्याने परत येतो आणि घरात मात्र "सरकारने नाकारलं" असं होतं.

पुढे बघा. समजा, शासनाने या बंद्याला माफीसह २२ वर्षांच्या वर्गात टाकलं, म्हणजे माफी धरून २२ वर्षं भरल्यावर सोडायचं ठरवलं. एप्रिल २०२४ ला प्रत्यक्ष १४ वर्षं आणि जमलेली माफी साडेचार वर्षं, एकूण साडेअठरा. बाकी ४२ महिने. यापुढे दर वर्षाला चार महिने माफी मिळत गेली असं धरलं, तर एक वर्ष काढलं की सोळा महिने वजा होतात. ४२ भागिले १६, म्हणजे दोन वर्षं साडेसात महिने. दार उघडेल डिसेंबर २०२६ च्या मध्यावर. मधे एकदा पॅरोलवरून उशिरा परतला आणि माफी कापली गेली, की तारीख लगेच पुढे सरकते. म्हणूनच "दोनच दिवस जास्त राहिला" हे प्रकरण दोन दिवसांचं कधीच नसतं. शिवाय पोलिसात गुन्हा नोंदला गेला तर फाईलवर तो कायमचा चिकटतो.

माफीचा तक्ता वर्षातून एकदा मागून घ्यावा आणि आपल्या वहीशी ताडून पाहावा. नेहमी सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एका कारागृहातून दुसऱ्यात बदली झाली की मधल्या एक-दोन महिन्यांची माफी दोन्हीकडे चढत नाही. शिक्षा म्हणून कापलेली माफी नंतर रद्द झालेली असते, पण तक्त्यात कपात तशीच असते. अटकेची तारीख म्हणून पोलीस कोठडीची न धरता न्यायालयीन कोठडीची धरलेली असते. चौदाव्या वर्षी या चुका काढायला गेलात तर जुनी रजिस्टरं शोधण्यातच सहा महिने जातील. दरवर्षी काढल्यात तर एका अर्जात काम होतं.

वर्गवारी हा या सेवेचा सगळ्यात कमकुवत भाग. महाराष्ट्राचे २००८ आणि २०१० चे शासन निर्णय गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे टप्पे ठरवतात: २२, २४, २६, २८ वर्षं अशा पायऱ्या, माफी धरून, पण प्रत्यक्ष चौदा भरलेली असलीच पाहिजेत. पूर्वनियोजित होता का, क्रौर्य किती, बळी स्त्री की लहान मूल, टोळीचा संबंध होता का, यावर पायरी ठरते. कल्पना वाईट नाही. रागाच्या भरात घातलेला एक घाव आणि सुपारी घेऊन केलेला खून एकाच तराजूत तोलू नयेत, हे कुणीही मान्य करेल. अडचण अशी की टेबलावरचा माणूस निकालपत्राची दोनशे पानं वाचत नाही. आरोपपत्रातला एखादा शब्द, "निर्घृणपणे" सारखा, उचलला जातो आणि बंदी दोन पायऱ्या वर चढतो. न्यायालयाने तसा निष्कर्ष काढलेला असो वा नसो. दोन पायऱ्या म्हणजे चार वर्षं. म्हणून निवेदन देताना निकालपत्रातले परिच्छेद क्रमांक लिहून द्यावेत: पूर्वनियोजन सिद्ध झालं नाही, हे अमुक परिच्छेदात म्हटलंय. भावनिक पानभर मजकुरापेक्षा अशा चार ओळी जड पडतात.

कुठलं धोरण लागू? दोषी ठरवलं त्या तारखेला असलेलं. नंतरचं धोरण बंद्याला जास्त फायद्याचं असेल तर ते. हे २०१० मध्ये हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. त्यामुळे दोन्ही शासन निर्णयांच्या प्रती निवेदनाला जोडा आणि आपण कुठल्या कलमाखाली मागतोय ते लिहा.

मग फाईलचा प्रवास. कारागृह अधीक्षक प्रस्ताव करतात. त्यात निकालपत्रं, माफीचा तक्ता, वर्तनाचा अहवाल, रजांची नोंद. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं, पोलिसांचा अहवाल येतो, तिथून कारागृह मुख्यालय आणि शेवटी मंत्रालयात गृह विभाग. न्यायालयाच्या मताबद्दल छत्तीसगडच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल महत्त्वाचा: न्यायाधीशांनी कारणं द्यायला हवीत, नुसतं "गुन्हा गंभीर, शिफारस नाही" चालणार नाही. काय पाहायचं तेही ठरलेलं आहे. गुन्ह्याचा समाजावर परिणाम, पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, घरची परिस्थिती. पोलीस अहवालात "सुटल्यास गावात तणाव निर्माण होईल" हे वाक्य इतकं ठरून गेलंय की ते शिक्क्यात कोरून ठेवायला हरकत नाही. त्याला उत्तर एकच: पूर्वीच्या सगळ्या रजांच्या तारखा, आणि त्या काळात ठाण्यात एकही तक्रार नसल्याची नोंद. पाच वेळा येऊन पाच वेळा वेळेवर परत गेलेल्या माणसामुळे सहाव्यांदा तणाव का होईल, हे मग अहवाल देणाऱ्याला सांगावं लागतं. राहण्याचा पत्ता बदललाय का, तेही आधीच कळवा. हवालदार जुन्या पत्त्यावर जाऊन "कुटुंब आढळून आले नाही" लिहून येतो आणि फाईल तिथेच बसते.

कुणाकडे मागायचं, यातही चुका होतात. ज्या राज्यात शिक्षा झाली ते राज्य ठरवणार. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे यावर ते ठरत नाही. बिल्किस बानो प्रकरणात खटला मुंबईत चालला होता, सुटका गुजरातने केली. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अधिकार महाराष्ट्राचा होता. तपास सीबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणेचा असेल तर केंद्राची सहमतीही लागते.

गुण द्यायचेच तर कायद्याला पाचपैकी साडेतीन, अंमलबजावणीला दीड. साडेतीन का, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने बरंच काही सुधारलं. राज्याचं धोरण असेल तर बंद्याने अर्ज केला नाही तरी पात्र होताच विचार करणं सरकारवर बंधनकारक आहे. होकार असो वा नकार, थोडक्यात कारणं लिहायची. निर्णय बंद्याला लगेच कळवायचा. प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची. नकाराला आव्हान देता येतं हेही सांगायचं. कागदावर उत्तम. तरीही अर्ज कराच. अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि पुढे उच्च न्यायालयात विलंब दाखवायला तो क्रमांकच कामी येतो.

वकिलाला पैसे देण्याची गरज नाही. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत विधी साहाय्य मिळतं, उत्पन्नाची अट नाही. "मंत्रालयात ओळख आहे" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. नकार आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका: येरवडा, नाशिकरोड, ठाण्याचे बंदी मुंबईला, नागपूर, अमरावती नागपूर खंडपीठाकडे, हर्सूल आणि पैठण औरंगाबाद खंडपीठाकडे, कळंबा १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे. न्यायालय बहुधा थेट सोडत नाही, पुन्हा विचार करा म्हणून परत पाठवतं. त्यामुळे याचिकेत मुदत घालून मागा.

सुटका सशर्त असते. जातमुचलका, जामीनदार, शांतता राखण्याची हमी. अट मोडली तर सरकार माफी रद्द करून उरलेली शिक्षा भोगायला परत आत घालू शकतं. पण अट कशीही घालता येत नाही. गुजरातने एका बंद्याला "दोन वर्षं सभ्यपणे वागेन" अशी अट घातली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली: सभ्य म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही, मग ठरवणार कोण? नुसता गुन्हा नोंदला म्हणून माफी आपोआप रद्द होत नाही. आधी नोटीस, म्हणणं ऐकणं आणि मग कारणांसह आदेश. सासऱ्याशी बांधावरून भांडण झालं आणि अदखलपात्र तक्रार गेली, एवढ्याने घाबरून गाव सोडून पळू नये. पळाल्याने मात्र नक्की अडचण होते.

आदेश हातात आला की सही करण्याआधी अटी मोठ्याने वाचून घ्या. जामीनदाराचा सातबारा किंवा पगारपत्रक आधीच तयार ठेवा, नाहीतर आदेश होऊनही जामीनदार नाही म्हणून बंदी आठवडे आत राहतो. सुटकेच्या आदेशाच्या तीन झेरॉक्स काढा: एक घरी, एक जामीनदाराकडे, एक खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत.