एम.एस्सी. नर्सिंग की नर्स प्रॅक्टिशनर: एकाच घरातले दोन अनुभव

बी.एस्सी. झालं, दोन-तीन वर्षं आयसीयूत नाइट काढल्या, की पुढं शिकायचं भूत मानगुटीवर बसतं. नाशिकमध्ये तर जरा जास्तच, कारण आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडवर, जाता-येता दिसतं. ज्युनियर मुलं-मुली अधूनमधून मला विचारतात, "ब्रदर, एम.एस्सी. करू की एनपी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर?" आमच्या घरात दोन्ही आहे. बायकोनं कम्युनिटी हेल्थमध्ये एम.एस्सी. केलं, मी नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या देखभालीचा पुढचा कोर्स. दोन्ही दोन वर्षांचे, दोन्ही इंडियन नर्सिंग कौन्सिलचे. त्यामुळं पात्रता वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला पाठच असेल.

एम.एस्सी.ची शाखा कुठलीही घ्या, पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन आणि दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट काही चुकत नाही. म्हणजे नाव मेडिकल-सर्जिकल असो की सायकियाट्रिक, घडवायचं असतं शिक्षक आणि प्रशासक. यात वाईट काही नाही. नर्सिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरपासून प्राचार्यापर्यंतची शिडी एम.एस्सी.वरच उभी आहे. नाइट सुटते, दिवाळी घरी होते. बायको रोज संध्याकाळी घरी असते, माझा रोस्टर मात्र अजून फ्रिजवर चिकटवलेला असतो. डिझर्टेशनचं, म्हणजे प्रबंधाचं म्हणाल तर निम्म्या बॅचचा विषय एकच असतो, 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता'. फक्त पुढचा आजार बदलायचा. पण संशोधन एनपीलाही आहे, त्यामुळं त्या कारणानं पळू नका.

एम.एस्सी.वरून माझं मन उडालं ते वेलवेट पेपरमुळं.

टीचिंग प्रॅक्टिससाठी बायकोला सिकलसेलवर (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आनुवंशिक आजार) चार्ट करायचा होता. मी नाइट करून आलेलो. येताना मेन रोडवरून लाल वेलवेट पेपर आणि कार्डशीट घेऊन आलो आणि कात्री घेऊन बसलो. गोल पेशी सोप्या, कोयत्यासारख्या कापताना टोकं फाटायची. तासभर कापल्या, चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी चार्ट परत आला. आशय बरोबर होता, पण "रंग मागून दिसत नाही, पुन्हा करा." पुन्हा कापल्या. मग लेसन प्लॅनचा तक्ता: वेळ, उद्दिष्ट, आशय, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, साधनं, मूल्यमापन. सात रकाने, आणि 'शिक्षक समजावून सांगतो, विद्यार्थी ऐकतो' हे ओळीनं चौदा वेळा. त्याच आठवड्यात आमच्या आयसीयूत सिकलसेलच्या क्रायसिसमधला एक मुलगा होता. वेदनेनं त्याला धड झोपता येत नव्हतं. माझं डोकं तिकडं, हातात कात्री. मला दोन वर्षं हे झेपणार नाही, हे त्या रात्री ठरलं. कारण क्षुल्लक आहे, मान्य. पण क्षुल्लक गोष्टच रोज करावी लागते.

बायकोच्या बाजूनंही सांगायला हवं. तोच चार्ट तिनं हरसूलकडच्या एका पाड्यावर लावला. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष अंगात आहे, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे तिनं चार पेशींवर बोट ठेवून सांगितलं. एक आजी म्हणाली, "म्हणजे देवीचा कोप नाही हा." माझ्या मॉनिटरला हे कधी जमलं नसतं.

आता एनपी. कौन्सिलनं हा कोर्स २०१७च्या आसपास आणला. थिअरी साधारण २० टक्के, बाकी सगळी रेसिडेन्सी, म्हणजे वॉर्डात काम करत शिकणं. फिजिओलॉजी, फार्माकोलॉजी, हेल्थ असेसमेंट हे सगळं नव्यानं आणि खोलात. फरक काय पडतो, एका रात्रीचं सांगतो. बायपॅपवरचा (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) सीओपीडीचा (फुफ्फुसाचा जुनाट आजार) पेशंट, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) आला: पीएच ७.२२, पीसीओटू ६८, म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला. पूर्वी मी हे आकडे फोनवर वाचून दाखवले असते आणि "बरं, येतो" ऐकून थांबलो असतो. त्या रात्री आधी पेशंटकडं बघितलं. राईल्स ट्यूबशेजारून (नाकातून पोटात घातलेली नळी) मास्कमधली हवा गळत होती, मशीनवर लीक दिसतच होता. पट्टे नीट बसवले, लीक उतरला, मग डॉक्टरांना फोन केला: आकडे, कारण, मी काय केलं आणि पुढचा एबीजी किती वाजता. औषधाला मात्र लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे आधीच ठरवून दिलेली सूचना लागते. मनानं लिहून द्यायचा अधिकार आपल्याला नाही, परदेशातले व्हिडिओ बघून त्या भ्रमात राहू नका.

दुखणं वेगळंच आहे. बहुतेक खासगी हॉस्पिटलांत या नावाची पोस्टच नसते. एचआरला मी दोन वेळा समजावलं, तरी गळ्यातल्या कार्डावर अजून 'स्टाफ नर्स' आहे. पगारातला फरक सांगण्यासारखा नाही. घरी मोठी जबाबदारी असेल, शिकवायची आवड असेल, पाठ दुखायला लागली असेल, तर डोळे झाकून एम.एस्सी. घ्या, मी काही म्हणणार नाही. पण पेशंटपासून लांब गेल्यावर करमणार नाही असं वाटत असेल, तर मला परत विचारलं तरी मी एनपीच म्हणेन, त्या कार्डासकट.

फक्त ॲडमिशनआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा. स्टायपेंड किती, आणि रेसिडेन्सीत तुम्हाला शिकाऊ म्हणून धरणार की ड्युटी रोस्टरमधली रिकामी जागा भरणारा माणूस म्हणून. आमच्या बॅचला पहिले चार महिने दुसरंच झालं. शिकवायला कोणी नाही, हाताखाली सहा बेड. तोंडी उत्तरावर जाऊ नका, सीनियर बॅचच्या कोणाला तरी गाठा आणि त्याची लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, बघायला मागा.