शाळेतलं दुपारचं जेवण: भाजी फक्कड, डाळ मात्र नावालाच

शाळा सुधारणा समितीत असल्यामुळं महिन्यातनं एकदा पोरांच्या पंगतीला बसतो. मराठी शाळा, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग.

तांदूळ केंद्राकडनं फुकट येतो, शिजवायचा खर्च केंद्र-राज्य ६०:४० असा वाटून घेतात. २०२१ पासनं योजनेचं नाव पीएम पोषण, पण आमच्याकडं सगळे अजून अक्षर दासोह, हे कर्नाटकातलं जुनं नावच घेतात. स्थानिक पिकं वापरा, परसबाग करा, असं योजनेतच लिहिलंय.

परवाचं सांबार तसंच होतं. नवलकोल गावच्याच मळ्यातला, सकाळी काढलेला. स्वयंपाक करणाऱ्या अक्कांनी त्याचा कोवळा पालाही बारीक चिरून घातलेला, वर परसबागेतला कढीपत्ता. माझी पोरगी घरी नवलकोल बघितला की तोंड फिरवते, इथं दोनदा मागून घेतली!

डाळीचं विचारू नका. वाटीचा तळ दिसतो. भात काढल्यावर आमच्या शिवारात मसूर होतो, पण ताटात कायम तूरडाळच. का, ते कोण सांगत नाही.

खरी अडचण पैशाची. अनुदान वेळेवर जमा होत नाही, तोवर भाजी उधारीवर. भाजी देणारा भावकीतला एकजण पैशासाठी दोन महिने थांबला आणि म्हणाला, "आण्णा, रताळी आता मार्केटलाच घालतो की वो." त्याला काय बोलणार?

जेवून बघायचं असंल तर अंड्याच्या दिवशी जावा. न खाणाऱ्यांना केळं मिळतं. ताट मात्र घरनं न्या, शाळेतली पुरत नाहीत.