सहा एमएमची वायर आणि तांब्याचा मुलामा

सर्व्हर किंवा चार-सहा मोठी मशिनं बसवण्यासाठी कुणी वायरिंग करून घेणार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 1 लाख 40 हजार गेले. त्याहून मोठं काही गेलं नाही, ते केवळ नशिबाने.

आम्ही कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगचं सिम्युलेशन करतो. साच्यात वितळलेल्या धातूचा रस कसा वाहील, कुठे आधी थंड होईल, पोकळी कुठे राहील, हे ओतण्याआधी संगणकावर काढून देतो. त्यासाठी एकत्र चालणाऱ्या 12 संगणकांचा क्लस्टर घेतला. पूर्ण लोडवर एकेक मशीन साधारण 500 वॅट खातं, म्हणजे एकूण 6 किलोवॅट. 230 व्होल्टला ते 26 अँपिअर होतात. डीबीपासून (वीज वाटणाऱ्या बोर्डापासून) मशिनांच्या रॅकपर्यंत 35 मीटर अंतर. 6 एमएमची (म्हणजे 6 चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर, 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग, असं कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं.

ठेकेदार ओळखीतून आलेला. बोलणं गोड, काम दोन दिवसांत. बिलाचा विषय काढला तर म्हणाला, "ताई, पक्कं बिल केलं तर जीएसटी अंगावर येतो, कच्च्यावर भागवू." मी हो म्हटलं. सगळ्यात मोठी चूक तिथे झाली, पण ती कळायला तीन महिने लागले.

दाखवताना त्याने सगळं नीट दाखवलं. बंडलावर आयएसआयचा शिक्का, वायरवर 6 एमएम छापलेलं. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावला, लख्ख पेटला. "बघा, अर्थिंग ओके." मी पैसे दिले.

एका रात्री मोठा जॉब चालू असताना सगळी मशिनं बंद पडली. सकाळी खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास. रॅकमागच्या सॉकेटचं टर्मिनल काळं पडलेलं, वायरचं आवरण वितळून मागे सरकलेलं. एमसीबी मात्र चालूच होता. मला वाटलं एमसीबी खराब. तो खराब नव्हता. करंट 26 च्या आसपास होता आणि तो 32 वर बसवलेला. समोरची वायर खोटी आहे हे त्याला कळायला काही मार्गच नसतो.

ठेकेदार म्हणाला, सॉकेट बदलून देतो. तेवढ्यात आमच्या एका ग्राहकाच्या फाउंड्रीतले मेंटेनन्सचे काका योगायोगाने ड्रॉइंग घ्यायला आले होते. त्यांनी कोपऱ्यात उरलेलं वायरचं बंडल उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "ताई, हे तांबं न्हवं." 55 मीटर वायर उरली होती. 6 एमएमला तेवढ्या लांबीत नुसतं तांबंच तीन किलोच्या जवळ भरायला हवं. काट्यावर ठेवलं तर प्लास्टिकसकट पावणेदोन किलो. काकांनी ब्लेडने एक तार खरवडली. वरचा लाल पापुद्रा निघाला, आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तारा मोजल्या तर एकूण छेदही 6 चौरस मिलिमीटर भरत नव्हता.

अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. मग मुख्य डीबीतून पुरवठा घेऊन तीच वायर पुन्हा लोडवर घेतली, काका टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) धरून शेजारी उभे. डीबीवर 228 व्होल्ट, रॅकपाशी 217. वाटेत 11 व्होल्ट जातात म्हणजे 26 अँपिअरला जवळजवळ 290 वॅटची उष्णता भिंतीवरच्या केसिंगमध्ये. शिवाय सर्व्हरचा पॉवर सप्लाय व्होल्टेज पडलं की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतो, म्हणजे वायर आणखी तापते. आणि ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून सैल होतं, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. आग लागायची ती तिथे, सांध्यावर.

पण माझ्या अंगावर काटा आला तो पुढच्या मोजणीने. काकांनी रॅकची बॉडी आणि मुख्य डीबीजवळची खरी अर्थिंगची पट्टी यांच्यात मीटर लावला. मशिनं जोरात चालू असताना साडेपाच व्होल्ट, बंद केली की शून्य. साडेपाच म्हणजे बरोबर 11 च्या निम्मे: फेज आणि न्यूट्रल या दोन वायरींपैकी एकट्या न्यूट्रलमध्ये पडणारं व्होल्टेज. सॉकेट उघडलं. अर्थची वायर ओढलेलीच नव्हती. न्यूट्रलमधून बोटभर तुकडा घेऊन अर्थच्या पिनला जोडला होता. बल्ब पेटला तो त्यामुळे. साधा सॉकेट टेस्टरही अशा वेळी सगळं ठीक आहे असंच दाखवतो. ती न्यूट्रल जर त्या जळक्या टर्मिनलपाशी तुटली असती, तर 12 मशिनांची लोखंडी बॉडी 230 व्होल्टवर आली असती. रॅकला हात लावून काम करणारी आमच्याकडची दोन मुलं 22-23 वर्षांची आहेत.

ठेकेदाराला फोन केला. "सगळे हेच वापरतात," एवढं बोलून ठेवला, नंतर उचलला नाही. बंडलावरचा सीएम/एल नंबर (आयएसआय शिक्क्याच्या परवान्याचा क्रमांक) भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, तर वेगळ्याच कंपनीचं नाव आलं. हे तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि मी ते वायर भिंतीवर चढण्याआधी करू शकत होते. तक्रार करताना पहिला प्रश्न आला बिलाचा. माझ्याकडे वहीच्या कागदावरचा आकडा होता.

मशिनांसाठी त्या जुन्या ठेकेदारानेच दिलेल्या पॉवर कॉर्डही कापून पाहिल्या. वर 10 अँपिअर छापलेलं, आत केसासारख्या मोजक्या तारा. सगळ्या फेकल्या.

नवीन काम परवानाधारक ठेकेदाराकडून, पक्क्या बिलावर आणि टेस्ट रिपोर्टसकट करून घेतलं. लोड तीन फेजवर वाटला, चार-चार मशिनं. प्रत्येक बंडल माझ्यासमोर काट्यावर ठेवलं, टोक खरवडलं, मग वापरलं. अर्थची वायर डीबीपासून रॅकपर्यंत केसिंग बंद करायच्या आधी डोळ्यांनी पाहिली. शेवटचा हप्ता पूर्ण लोडवर दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजल्यावर दिला. फरक 3 व्होल्टच्या आत आला, बॉडी आणि अर्थमध्ये मीटर हलला नाही. नव्या ठेकेदाराला या तपासणीचा राग आला नाही. काटाही त्यानेच आणला होता.

जुनं बंडल मी टाकलेलं नाही. कोल्हापुरात कुणाला हातात घेऊन वजन बघायचं असेल, तर ऑफिसला या.