फायटरसाठी टाकी केवढी? काचेचा बोल, एक फुटी, दीड फुटी की दोन फुटी

बेट्टा मासा, म्हणजे दुकानात सगळे ज्याला फायटर म्हणतात तो, घ्यायचं ठरलं की लगेच प्रश्न येतो टाकीचा. आपल्याकडे पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही गेलात तरी साधारण चार पर्याय समोर येतात: अडीच-तीन लिटरचा गोल काचेचा बोल, एक फुटी टाकी, दीड फुटी आणि दोन फुटी. माझं मत आधीच सांगतो. एका फायटरसाठी दीड फुटी घ्या. जागेची खरोखरच अडचण असेल तर एक फुटीवर भागवता येईल. बोल मात्र घेऊ नका, कितीही गोंडस दिसला तरी.

बोलच्या बाजूने नेहमी एकच गोष्ट सांगितली जाते: हा मासा वरची हवा घेतो, त्याला पाणी कमी असलं तरी चालतं. पहिला भाग अगदी खरा आहे. पाच मिनिटं टाकीसमोर बसून बघा. तळाशी पानांत रेंगाळणारा मासा मध्येच सरळ वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो, कल्ल्यांतून एखादा बुडबुडा सोडतो आणि परत खाली जातो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतला प्राणवायू घेणारा खास अवयव असतो. त्यामुळे पाण्यात हवा कमी पडून तो सहसा गुदमरत नाही. पण त्याला मारते ती घाण. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, तोही बराचसा थेट कल्ल्यांतून, म्हणजे खाणं अजिबात उरलं नाही तरी. तोच मासा, तेच दाणे, तेवढाच अमोनिया. अडीच लिटरमध्ये त्याची तीव्रता 25 लिटरच्या दहापट होते. शिवाय पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्यांतलं पाणी किती तापतं, हे वेगळं सांगायला नको.

मग बोलवाला काय करतो? दर एक-दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून नवं भरतो. प्रत्येक वेळी माशाला नवं तापमान, नवं पाणी. बोलमध्ये फिल्टर नीट बसत नाही, त्यामुळे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू तिथे पुरेसे वाढत नाहीत. जे थोडे काचेवर धरतात, ते घासताना निघून जातात. हीटरचीही तीच गत: इतक्या थोड्या पाण्यात तो बघता बघता मासा शिजवेल.

आणि फायटर मुळात डबक्यातच राहतो, असं जे म्हणतात तेही अर्धवट आहे. थायलंडने 2019 मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर ठरवलं; तिथल्या भातशेतांत आणि दलदलीत तो राहतो. ते पाणी उथळ असतं, पण पसरलेलं किती असतं, हे जुलैमधल्या आपल्या शेतांकडे पाहिलं तरी लक्षात येईल. तेव्हा उंची कमी आणि लांबी जास्त, हेच सूत्र टाकीलाही लावायचं. उंच, अरुंद टाकी दिसते छान, पण हाफमून म्हणजे अर्धचंद्रासारख्या जड शेपटीच्या फायटरला प्रत्येक घोटासाठी तेवढी चढण चढावी लागते.

आता एक फुटी. 12 इंच लांब, 8 रुंद, 8 उंच अशी टाकी वरून एक इंच रिकामी ठेवली की पाणी होतं साधारण 11 लिटर. यात छोटा स्पंज फिल्टर बसतो, थोडी पाणवनस्पती राहते, मासा वळून पोहू शकतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने ही घेतली तर मी नको म्हणणार नाही. अट एवढीच, की आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलायचं आणि त्यात खंड पडू द्यायचा नाही. एखादा दाणा सडला तरी इथलं पाणी एका दिवसात बिघडतं. एसी लावून झोपायची सवय असेल तर रात्री पाणी पटकन गारठतं. फायटरला 24 ते 28 अंश मानवतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात चढउतार नको.

दीड फुटी टाकी, 18 बाय 10 बाय 10 इंच, दीड इंच रिकामी ठेवून भरली की 25 लिटरच्या आसपास पाणी. दोन टाक्यांत जागेचा फरक सहा इंचांचा, पाणी मात्र दुपटीहून जास्त. आठवड्याला चौथाई पाणी बदललं की झालं, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. 25 वॅटचा हीटर पुरतो. पणजीत डिसेंबर-जानेवारीतही तो फारसा लागणार नाही, वाळपई-सत्तरीकडे रात्री लागेल. पावसाळ्यात लाइट गेली, पंप तीन-चार तास बंद पडला, तरी एवढं पाणी तग धरतं.

गोव्यातल्या माणसाने चवथीचा विचार तर करायलाच हवा. फ्लॅटला कुलूप लावून आपण सगळे मूळ घरी जातो, दीड दिवसांचा गणपती असला तरी मुक्काम चार-पाच दिवसांचा होतोच. बोलमधल्या माशाचं त्या दिवसांत काय होतं ते सांगवत नाही. दीड फुटीत, टाकी जुनी आणि स्थिरावलेली असेल, तर जाण्याआधी चौथाई पाणी बदला आणि निर्धास्त जा. निरोगी मोठा फायटर चार-पाच दिवस न खाता सहज राहतो. शेजाऱ्यांकडे दाण्यांची डबी देऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात आणि पाणी नासतं.

दोन फुटी टाकी, 24 बाय 12 बाय 12, हिच्यात पन्नासेक लिटर पाणी राहतं. माशासाठी ती उत्तमच. पण काच, वाळू, पाणी मिळून वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जातं, शोकेसच्या फळीवर ती ठेवता येत नाही, स्टँड लागतो आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्टँड गंजतो. शिवाय एवढी जागा पाहून सोबत गप्पी मासे सोडायचा मोह होतो. त्यांच्या रंगीत शेपट्या पाहून फायटर चवताळतो. दोन नर तर एकत्र कधीच नाही. खूप झाडं लावायची असतील, तरच मी दोन फुटी सुचवीन.

एक गैरसमज फार पसरलाय: मासा वर बुडबुड्यांचं घरटं करतो, म्हणजे त्याला जागा आवडली. नर छोट्या कपातही घरटं बांधतो. त्यावरून टाकी ठरवू नका. पंख अंगाला चिकटवून तो तळाशी पडून राहतोय का, खाण्याला धावतोय का, ते पाहा.

दुकानात टेप घेऊन जा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजा, गुणाकार करा आणि 61 ने भागा, लिटर मिळतात. काच कापून टाकी बनवून देणारा कारागीर जवळ असेल तर दीड फुटी मापाने करून घ्या, उंची दहा इंचांपेक्षा वाढवू नका.

टाकी घरी आणल्यावर आधी फिल्टर चालू करून पाणी मुरू द्या. वर सांगितलेले जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा त्याआधीच आणलात तर पहिल्या महिन्यात पाणी जास्त वेळा बदला. ओपा किंवा अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे अँटीक्लोरीनचे थेंब टाकूनच ते वापरा. विहिरीचं पाणी चालतं, फक्त पहिल्या पावसानंतर गढूळ झालेलं नको. किनाऱ्यावरची वाळूही टाकू नका, त्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त होतं. दारातल्या देशी बदामाचं वाळून आपोआप गळलेलं पान धुऊन टाकलंत तर मात्र चांगलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी घाबरू नका, फायटरला तसं पाणी मानवतं.

आणि झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. पाणी आणि झाकण यांत इंच-दीड इंच हवा ठेवा, नाहीतर त्याला घोट घ्यायला जागाच उरणार नाही.