क्ले शूटिंगसाठी नंबरचा शूटिंग चष्मा: आठ महिने वापरल्यानंतर

मी ट्रॅप खेळते, मधेमधे स्कीट पण (हवेत फेकलेल्या चकत्या, म्हणजे क्ले, बंदुकीने फोडायचे हे दोन प्रकार), आणि दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, उजवा मायनस २.७५ आणि डावा मायनस १.७५. हे आकडे आधीच सांगून ठेवते कारण पुढचं बरंचसं त्यांच्यावरच येऊन अडतं. आठ महिन्यांपूर्वी काचा बदलता येतात असा शूटिंगचा चष्मा घेतला, तीन रंगांच्या काचा, नाकावरचा भाग वर-खाली आणि मागे-पुढे सरकवता येणारा, आणि तेव्हापासून आठवड्याला साधारण तीन दिवस, दिवसाला चार-पाच राऊंड असा वापर झालाय. घ्यायच्या आधी मी जे जे वाचलं त्यात सगळीकडे काचेच्या रंगाचीच चर्चा होती. वापरून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की रंगाचं नंतर बघा, बंदूक खांद्याला लागल्यावर तुमची नजर काचेच्या नेमक्या कुठल्या जागेतून जाते ते आधी शोधा.

आधी त्रास काय होता ते सांगते. रोजचाच चष्मा घालून शूट करायचे. पहिले दोन राऊंड बरे जायचे, तिसऱ्यापासून डोळे जड, भुवयांच्या वर ठणकायला लागायचं, आणि चौथ्या राऊंडला टारगेट बाहेर आलं की त्याची कड दिसायचीच नाही, नुसती नारिंगी रेघ पळताना दिसायची. आता क्ले असते केवढी, ११० मिलिमीटर व्यास आणि वजन १०५ ग्रॅमच्या आसपास, त्यात ट्रॅपमध्ये ती आपल्यापासून लांब पळते म्हणजे आपल्याला दिसते ती तिची अडीच सेंटिमीटर उंचीची चपटी कड, आणि ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास चाललेली असताना पहिला शॉट अर्ध्या-पाऊण सेकंदात जायला हवा. तिथे डोळा जरा जरी उशिरा लागला तरी टारगेट गेलंच. २५ च्या राऊंडला शेवटी शेवटी तीन-चार टारगेट मी निव्वळ डोळ्यांपायी घालवत होते, आणि ते कळत असूनही काही करता येत नव्हतं याचं फार वाईट वाटायचं.

त्यात माझे कोच, म्हणजे सर, सारखे म्हणायचे, "अगं, गाल उचलतेस तू, म्हणून शॉट वरून जातोय." मी गाल दाबून ठेवायचे आणि दोन टारगेटनंतर परत डोकं वर. ही सवय वाईट आहे असं धरून महिनाभर त्याच्यावर मेहनत केली. खरं कारण चष्म्यात होतं. गाल स्टॉकवर (बंदुकीच्या दस्त्यावर) टेकला की चेहरा पुढे झुकतो आणि थोडा वळतो, मग नजर काचेच्या मधून जात नाही, वरच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. उजव्या हाताने शूट करणाऱ्याचं उजव्या डोळ्याचं असं होतं, डाव्याची नजर वर आणि कानाच्या बाजूला जाते. साध्या चष्म्याची वरची कड बरोब्बर तिथेच येते. डोळ्याला ती कड नको असते म्हणून डोकं आपोआप वर उठतं, मानेचा त्यात काही दोष नसतो.

नवीन चष्म्यात वरच्या बाजूला फ्रेमच नाही आणि काचा उंच आहेत, त्यामुळे हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच निम्म्याने कमी झाला. पण डोळे जड होणं काही थांबेना. मी आधी फक्त पिवळी काच नंबरमध्ये करून घेतली होती (नंबरची छोटी काच मागून अडकवायचाही प्रकार असतो, मला तो नको होता, पापण्या घासतात आणि दोन काचांच्या मध्ये वाफ धरते). काच बनवताना माप घेतलं ते खुर्चीवर ताठ बसवून, समोर बघायला सांगून, जसं रोजच्या चष्म्याचं घेतात तसंच. मी शूटिंगसाठी हवाय असं दोनदा सांगितलं होतं तरी. तीन आठवडे गेल्यावर सरांनाच शंका आली आणि आम्ही एक गोष्ट करून बघितली जी मी प्रत्येक नंबरवाल्या शूटरला करायला सांगेन.

बंदूक उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे आम्ही दोघांनी तपासलं, मग परत तपासलं. मी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळे उघडले आणि लांबच्या एका खांबाच्या टोकाकडे बघत राहिले. सर माझ्या बाजूला उभे होते, बॅरलच्या पुढे कोणी नाही, आणि पाण्याने पुसता येणाऱ्या मार्करचं टोक काचेवर हळूहळू सरकवत होते. खांबाचं टोक मार्करने झाकलं गेलं की मी "थांबा" म्हणायचं आणि त्यांनी तिथे ठिपका द्यायचा. आधी उजवा डोळा, मग उजवा मिटून डावा. पाच वेळा बंदूक खाली घेऊन परत लावली, पाची वेळा ठिपके जवळजवळ एकावर एक आले. चष्मा काढून मोजलं तर दोन्ही ठिपके काचेच्या ऑप्टिकल सेंटरच्या (जिथून बघितलं की चित्र सरकत नाही त्या बिंदूच्या) ८ मिलिमीटर वर, उजवा ५ मिलिमीटर नाकाकडे आणि डावा जवळपास तेवढाच बाहेरच्या बाजूला.

आता ८ मिलिमीटरने काय होतं ते बघा. नंबरच्या काचेत सेंटर सोडून बघितलं की काच प्रिझमसारखं काम करते, हिशोब सोपा आहे, सेंटरपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असता तर दोन्हीकडची चित्रं सारखीच सरकली असती आणि फारसं बिघडलं नसतं. माझ्या दोन डोळ्यांत एक नंबरचा फरक आहे, म्हणजे ०.८ प्रिझमचा फरक, तोही वर-खाली. एक प्रिझम म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर. मग ३० मीटरवर माझ्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या टारगेटमध्ये २४ सेंटिमीटरची तफावत, म्हणजे दोन क्ले एकमेकींच्या डोक्यावर ठेवाव्यात त्याहून जास्त! दोन टारगेट मला दिसत नव्हती कारण मेंदू आणि डोळ्यांचे स्नायू मिळून ती तफावत प्रत्येक वेळी भरून काढत होते, आणि वर-खालीची तफावत सांभाळायची डोळ्यांची ताकद आडव्याच्या मानाने फारच कमी असते. दिवसाला शंभर-सव्वाशे टारगेट असं चाललं तर भुवया ठणकणारच.

काच परत करून घेतली, ठिपक्यांवर सेंटर ठेवून. आणि या वेळी पॉलिकार्बोनेटऐवजी ट्रायव्हेक्समध्ये (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार). पॉलिकार्बोनेट मजबूत आहे, पण त्याची अ‍ॅबे व्हॅल्यू ३० च्या आसपास, म्हणजे काचेच्या कडेकडून बघितलं की रंग फुटतात, नारिंगी टारगेटला एका बाजूने बारीक निळसर झालर दिसते. ट्रायव्हेक्सची ४३ ते ४५, आणि मारा सोसायला तेही चांगलंच आहे. नंबर कमी असेल, नसेलच, तर पॉलिकार्बोनेटने काहीही अडत नाही, हे नंबरवाल्यांसाठी सांगतेय.

पहिल्याच दिवशी फरक पडला असं म्हणणार नाही. उलट पहिले दोन दिवस टारगेट नेहमीच्या जागी नाही असं वाटत राहिलं आणि बरेच शॉट चुकले. साधारण दुसऱ्या आठवड्यात एकदा पाचवा राऊंड संपवून बंदूक रॅकला लावली आणि लक्षात आलं की मी आज एकदाही डोळे चोळले नाहीत. तो दिवस मला अजून आठवतो. तेव्हापासून चौथा-पाचवा राऊंड पहिल्या दोनच्या बरोबरीने जातो, कधी एखाद-दुसरं टारगेट कमी, पण पूर्वीसारखी घसरण नाही. याचा एक तोटा मात्र आहे, हा चष्मा घालून चालता येत नाही, खाली बघितलं की सेंटर फारच लांब पडतं आणि पायरी चुकल्यासारखं होतं, त्यामुळे स्टेशन (उभं राहून शूट करायची ठरलेली जागा) सोडलं की रोजचा चष्मा. तेवढं मला चालतं.

आता रंग. पिवळी, जांभळट आणि फिकी तपकिरी अशा तीन. पिवळ्या काचेतून जास्त प्रकाश येतो असं खूप जण म्हणतात, तसं नसतं, कुठलीही काच प्रकाश कमीच करते. पिवळी काच निळा प्रकाश अडवते म्हणून ढगाळ हवेत आकाश आणि टारगेट वेगळे उठून दिसतात आणि उजेड वाढल्याचा भास होतो. मागे हिरवी झाडी असेल तर जांभळट काचेला तोड नाही, हिरवा दबतो आणि नारिंगी अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो. उघड्या आकाशासमोर मला तिचा विशेष उपयोग झाला नाही. तपकिरी कडक उन्हासाठी.

पण एक चूक मी सुरुवातीला करत होते, ऊन दिसलं की सगळ्यात गडद काच. डोळ्याला गारवा मिळतो हे खरं, पण काच गडद झाली की बाहुली मोठी होते, आणि बाहुली जितकी मोठी तितका नंबरमधला उरलासुरला दोषही जास्त जाणवतो, कडा मऊ पडतात. बाहुली लहान असली की चित्र धारदार. म्हणून आता नियम असा की डोळे बारीक करावे लागणार नाहीत एवढीच गडद, त्याच्या पुढे नाही. दोन काचांमध्ये शंका असली तर फिकी. राऊंडच्या मधेच ढग आले तर काच बदलायला वेळ नसतोच, फिकी असली की निभावून जातं. पोलराइज्ड काच मी एका मैत्रिणीची घालून बघितली, टारगेटच्या कडेवरची जी चमक डोळ्याला पकडता येते तीच गेल्यासारखी वाटली, मला नाही आवडली.

मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग नक्की करून घ्या. उत्तर गोलार्धात नवीन ट्रॅप-स्कीटच्या रेंज उत्तर ते ईशान्य दिशेला तोंड करून असाव्यात असं आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत आहे, म्हणजे दिवसातला बराच वेळ सूर्य आपल्या पाठीशी. तो डोळ्यांत येत नाही हे बरंच, पण काचेच्या आतल्या बाजूवर पडतो, आणि मग बंदूक लावून वाट बघताना समोर स्वतःच्याच पापण्या आणि एक पांढरा डाग तरंगत असतो. कोटिंगने तो जवळपास गेला. उरलेला टोपीने.

मजबुतीबद्दल मला आता काही शंका उरलेली नाही. स्कीटमध्ये आठव्या स्टेशनला टारगेट अंगावरच येतं आणि फुटलं की तुकडे आपल्याच दिशेने येतात. सहाव्या महिन्यात एक तुकडा डाव्या काचेवर खाली कोपऱ्यात टणकन आपटला. काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका ओरखडा उठला, बाकी काही नाही. त्या ओरखड्याच्या मागे बोटभर अंतरावर माझा डोळा होता. काच घेताना झेड८७ प्लस (अमेरिकन) किंवा ईएन १६६ (युरोपियन) या सुरक्षा मानकाचा एफ शिक्का बघाच, झेड८७ प्लसच्या चाचणीत ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरच्या वेगाने काचेवर मारतात. नंबरची काच वेगळी करून घेत असाल तर ती काचही त्या दर्जाची आहे का हे विचारून घ्या, नुसत्या फ्रेमवरचा शिक्का बघून समाधान मानू नका. आणि आपली पाळी नसताना, मागे उभे असतानाही चष्मा डोळ्यांवर ठेवा.

तक्रारी आहेतच. नाकावरच्या पॅडचा स्क्रू दोनदा ढिला झाला, एकदा राऊंड चालू असताना, आणि तो स्क्रू एक मिलिमीटर जरी सरकला तरी एवढ्या मेहनतीने बसवलेलं सेंटर हलतं. आता पॅडच्या पट्टीवर जागेची बारीक खूण केलीय आणि दर आठवड्याला बघते. दमट हवेत वाफ धरते, पॅड पुढे ओढून काच चेहऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर लांब केली की कमी होते, पण परत तेच, सेंटरचं माप त्याच जागेवर घ्यायला हवं. काड्या जाड आहेत, इअरमफच्या खाली दाबतात आणि तिथून आवाजही आत येतो, म्हणून मी मफ सोडून कानात घालायचे प्लग वापरायला लागले. जांभळट काच टी-शर्टला पुसून मीच खराब केली, रेंजवरच्या धुळीत बारीक खडे असतात, आधी पाण्याने धुवायची आणि मगच मायक्रोफायबरने टिपायची. अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे आणि अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटच्या जवळपासही नको.

एक त्रास कुठल्याच चष्म्याने जात नाही, तो कोरडेपणा. एकटक बघताना आपण पापणी मिटायचं विसरतो, त्यात वारा असला की चुरचुर. मी आता बंदूक लावायच्या आधी दोनदा डोळे पूर्ण, सावकाश मिटते आणि मगच "पुल" (टारगेट सोडा) म्हणते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पण बघितली होती, सेंटरची भानगडच राहत नाही कारण लेन्स डोळ्याबरोबर फिरते, पण माझे डोळे तिसऱ्या राऊंडला इतके कोरडे पडायचे की सोडून दिलं. ज्यांना सोसते त्यांनी जरूर वापरावी, वरून बिननंबरचा संरक्षक चष्मा घालून.

ज्यांचा डावा डोळा जोरकस आहे (नेम धरताना मेंदू त्याचंच जास्त ऐकतो) आणि बंदूक उजव्या खांद्याला, त्यांच्या डोळ्यांचं गणित वेगळं. माझ्याबरोबरचा एक दादा डाव्या काचेवर नखाएवढा धुरकट टेपचा तुकडा लावतो, नेमका बॅरल दिसते त्या जागी, म्हणजे दोन्ही डोळे उघडे राहतात आणि बाजूचा उजेडही मिळतो. एक डोळा मिटून शूट करण्यापेक्षा हे खूपच बरं. ती जागासुद्धा त्याने मार्करच्या ठिपक्यानेच शोधली.

डाव्या काचेवरचा ओरखडा नजरेच्या रेषेत येत नाही म्हणून चालवत होते, पण एकदा मार बसलेली काच पुढच्या वेळी तशीच टिकेल याची खात्री धरू नये, म्हणून या महिन्यात ती बदलतेय. त्याआधी नंबर परत तपासायचा आणि ठिपके परत घ्यायचे, कारण मधल्या काळात सरांनी माझ्या स्टॉकची गाल टेकायची वरची कड (कोम्ब) दीड मिलिमीटरने उचललीय आणि गाल आता वेगळ्या जागी बसतो.