आधी नेन की आधी अल्केमी?

जादूला नियम हवेत आणि ती वापरणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे, असं म्हणणाऱ्यांना बहुधा दोन जपानी अ‍ॅनिमे मालिका सुचवल्या जातात: ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ (२००९-१०, ६४ भाग) आणि २०११चं ‘हंटर × हंटर’ (१४८ भाग). दोन्ही मी पूर्ण पाहिलीत.

नुसत्या डावपेचांत ‘हंटर’मधल्या नेनला, म्हणजे शरीरातली ऊर्जा वापरण्याच्या विद्येला, तोड नाही. त्याचे सहा प्रकार. आपला कोणता, ते पाण्याच्या पेल्यावर पान ठेवून कळतं: कुणाचं पाणी वाढतं, कुणाच्या पाण्याची चव बदलते, कुणाचं पान हलतं. शिवाय स्वतःवर जितकी कडक अट घालाल तितकी ताकद वाढते. कुरापिका या पात्राची एक साखळी फक्त फँटम ट्रूप या दरोडेखोर टोळीवर चालते. दुसऱ्या कुणावर वापरली तर तो स्वतः मरेल. म्हणजे ही अट शत्रूला कळणं हाच सगळ्यात मोठा धोका. फार हुशारीने रचलंय हे. फक्त नेनचं नाव निघेपर्यंत पंचवीसहून जास्त भाग जातात.

‘ब्रदरहूड’मधल्या अल्केमीचा, म्हणजे एका वस्तूची दुसरी करण्याच्या विद्येचा, नियम एका ओळीचा: जेवढं घ्यायचं तेवढं द्यायचं. मेलेल्या आईला परत आणायला गेलेल्या नायक एडचा डावा पाय जातो, धाकट्या आल्फोन्सचं अख्खं शरीर जातं, आणि त्याचा आत्मा चिलखतात बांधायला एड उजवा हात देतो. पुढे उत्तरेकडच्या ब्रिग्जच्या थंडीत त्या जागी बसवलेला धातूचा हातच त्याच्या जिवावर उठू शकतो. परिसाने नियम मोडल्यासारखा वाटतो, पण तो परीस माणसांच्या जिवांचा बनलेला असतो. किंमत चुकलेली नसते, दुसऱ्याने भरलेली असते.

माझं पारडं झुकलं ते एका गोष्टीमुळे. ‘हंटर’मध्ये चिमेरा अँट या कथाभागाच्या शेवटी एक पात्र सूडापायी आपलं सगळं भविष्य देऊन ताकद मिळवतं. ते पाहून मी हादरलो होतो. मग नेनच्या हिशेबात न बसणारी एक शक्ती येते आणि ते पात्र बरं होतं. त्या शक्तीलाही नियम आहेत, आणि भावंडांची गोष्ट म्हणून ते भाग सुरेखच आहेत, हे मान्य. तरी आधीची धास्ती माझ्यापुरती तिथेच उतरली, आणि दुसऱ्यांदा पाहताना तर ते जास्तच खुपलं. शेवटाकडे एका अधिकाऱ्याच्या बाबतीत ‘ब्रदरहूड’ही थोडं हात सैल सोडतं, पण मुख्य देणं माफ करत नाही.

डोकं लढवणाऱ्या लढाया हव्या असतील आणि धीर असेल, तर ‘हंटर’ घ्या, पस्तावणार नाही. एरवी मी ‘ब्रदरहूड’च म्हणेन. एड शेवटी काय देऊन हिशेब मिटवतो ते सांगत नाही, पण ते पहिल्या भागापासून आपल्या डोळ्यांसमोर असतं.