टेकडीवरचा श्वास की गॅलरीतला?

निसर्गाचे आभार श्वासातून मानायचे, म्हणून मी दोन्ही करून पाहिलंय: घरच्या गॅलरीत अनुलोम-विलोम आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर आनापान.

अनुलोम-विलोमाला शिस्त आहे. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद, डावीने श्वास आत. मग अनामिकेने डावी बंद, उजवीने बाहेर. पाऊस असो वा पाहुणे, खाडा होत नाही, मनही शांत होतं. पण सगळं लक्ष बोटांवर आणि मोजण्यावर. समोरची तुळस असून नसल्यासारखी.

आनापानात काही करायचंच नसतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीला हेच शिकवतात: श्वास जसा येईल तसा नुसता बघायचा. तिथे डोळे मिटतात. मी टेकडीवर उघडे ठेवते. खडकावर बसलं, की आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी कोमट, हे नाकाच्या टोकाशी कळतं. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, सोडलेल्या हवेत साधारण १६. मधला आपण ठेवून घेतो, तोही फुकट! पहिल्या पावसानंतर मातीचा वास त्याच श्वासातून आला, तेव्हा हात आपोआप जोडले गेले. (खरं सांगायचं तर आधी शिंक आली.)

रोजच्या नेमाला गॅलरी बरी. कृतज्ञतेसाठी मात्र माझं मत टेकडीला. गुडघे कुरकुरत असतील, तर गॅलरीतच बसा. फक्त नाक सोडा आणि तुळशीकडे बघा.